विषयांतर

पहिल्या दिवशी मला दारातूनच परत पाठवलं.
पँट घालून बायका खोत्लात येत नाहीत.
म्मा बोइपेलोने स्वतःच्या खांद्यावरची शाल काढली,
माझ्या कमरेला गुंडाळून करकचून गाठ मारली,
म्हणाली, आता बस. आता ऐकता येईल तुला.
वहीत लिहिलं : प्रवेशाच्या अटी.
शालीला चुलीचा वास होता, ते लिहिलं नाही.

काटेरी झाडांच्या ओंडक्यांचं अर्धगोल कुंपण,
आत बारीक वाळू.
पुरुष आपापली बुटकी खुर्ची घरून आणतात,
चामड्याच्या पट्ट्यांनी विणलेली.
माझ्या टेपवर आधी ती कुरकुरते,
मग माणूस बोलतो.

प्रश्न पाण्याचा होता.
जिल्ह्याच्या साहेबांनी निळी चकती दाखवली :
ही नळाला लावायची. पैसे संपले की पाणी बंद.
साधं आहे, म्हणाले.
साधं म्हटल्याबरोबर पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी
टोप्या काढून गुडघ्यांवर ठेवल्या,
आता वेळ लागणार म्हणून.

मी रकाने आखून आणले होते.
कोण बोललं. किती मिनिटं.
कारण दिलं, की नुसतंच मत.
कोणी कोणाला मध्येच तोडलं.
हा शेवटचा सात महिने कोराच राहिला.
ओतेंग सकाळीच झिंगून आला, झाडाला टेकून बोलला,
त्यालाही कोणी तोडलं नाही.
खोसी म्हणाला, इथे उच्चारलेला प्रत्येक शब्द देखणा.

मग म्मा केनालेमांग उठल्या.
बोलल्या गाढवाबद्दल.
कुठून आणलं, मागचा डावा पाय कसा अधू झाला,
दुष्काळाच्या वर्षी त्या इस्पितळात असताना
त्याला पाणी कोणी पाजलं.
अकरा मिनिटं. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं.
मी लिहिलं : विषयांतर.
पुढे लिहिलं, तिघांच्या माना खाली. म्हणजे संमती.

दीड महिन्याने नळापाशी,
पिवळ्या कॅनच्या रांगेत माझा नंबर एकोणिसावा,
पुढच्या दोघी हसत हसत म्हणाल्या,
गाढवाचं बरं सुचलं आपल्याला.
आपल्याला?
हळूहळू उलगडलं.
कोणी पाणी पाजलं, हे सांगितलं
की कोणी पाजलं नाही, ते आपोआप सांगून होतं.
चकतीला आधीच हो म्हणून बसलेली ती तीन घरं.
नाव एकाचंही नाही. माना मात्र बरोबर तिघांच्याच.
आणि कोणी बोलायचं, कुठल्या जनावरावरून बोलायचं,
हे सभेच्या दोन संध्याकाळ आधी
याच रांगेत ठरलेलं.
पाणी मुरत होतं ते इथे.
मी तिकडे यंत्राच्या बॅटऱ्या बदलत होते.

चकत्यांचं म्हणाल, तर अजून ठरायचंय.
साहेब तीनदा येऊन गेले.
तिसऱ्या सभेत, सगळे बोलून झाल्यावर,
आता पुला! असं ओरडून उठायचं,
पुला म्हणजे पाऊस, खिशातलं नाणं, आणि झालं एकदाचं,
तेवढ्यात खोसी म्हणाला,
लिहिणारी, ऊठ.
सात महिने आमचं पाणी पितेस. तुझं काय म्हणणं?

मला सांगायचं होतं,
माझ्या पद्धतीत माझं मत बसत नाही.
मोडक्या त्स्वानात ते झालं,
मला तोंड नाही.
सगळे हसले. ओतेंग सगळ्यांत जास्त.
खोसी म्हणाला, हाही शब्द देखणा. आता दुसरा.

ती टेप अजून उतरवून झालेली नाही.
खुर्ची कुरकुरते. कोणीतरी खोकतं.
लांबून एका बाईचा पातळ आवाज,
एकोणिसाव्या नंबराबद्दल काहीतरी, मग थांबतो.
कोण बोललं, त्या रकान्यात
अजून काही भरलेलं नाही.
आवाज पूर्ण वाढवला की
त्या थांबण्याच्या मागे, अगदी जवळून,
म्मा केनालेमांग ऐकू येतात :
हं. पुढे.